अबोला सोडला ते चाळीस दिवस

एसटी सुटायला पाच मिनिटं होती. आई खिडकीखाली शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन उभी होती आणि मी तिच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत बसले होते. माझा अबोला चालू होता. डबा शेवटी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हात लांब करून घेतला. गाडी हलली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आमच्याकडे घराबाहेर पडताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. मी तेवढंही म्हटलं नाही.

कारण सांगते, हसू नका. आदल्या दिवशी निरोप द्यायला आत्या, मावशी, शेजारपाजारच्या अशा आठ-दहा बायका जमल्या होत्या. लग्नाला चार महिने झाले होते. ह्यांना वसईजवळ वालीवच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात, नव्या बिल्डिंगमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं होतं. माण तालुक्यातल्या आमच्या गावाला हे म्हणजे परदेशच. चहा गाळता गाळता आई सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचा रुसवा काढता काढता माजी निम्मी हयात गेली. आता जावईबापू, तुमची पाळी. न्हायतर तिकडं कोन बसलंय हिची मनधरणी करायला?" बायका खो खो हसल्या. हेही हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती तशीच घेऊन मी गाडीत बसले.

आईचं काही खोटं नव्हतं, तेच तर झोंबलं. लहानपणापासून कुणी जरा मनाविरुद्ध बोललं की मी भिंतीकडे तोंड करून बसायची. मग जेवणाच्या वेळी आई ताट वाढायची आणि दादाला म्हणायची, "सांग तिला, गार हुतंय." मीही दादालाच म्हणायची, "सांग तिला, भूक नाही." दादा मधे बसून भाकरी खात खात दोन्हीकडचे निरोप पोचवायचा. तो घरात नसला की आम्ही दोघी मांजराला सांगायचो. शेवटी आई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि मी उपकार केल्यासारखी उठायची. आईही काही कमी नव्हती. थोरल्या जावेशी तिने सात वर्षं अबोला धरला होता, रोज एकाच विहिरीवर पाणी भरून. ज्याचा अबोला जास्त टिकेल तो जास्त मानी, अशी आमच्या घरची समजूत होती. खाण तशी माती, दुसरं काय.

आचोळ्यात तेव्हा आतासारखी वस्ती नव्हती. बिल्डिंगला बाहेरून गिलावा नव्हता, मागे भाताची खाचरं, पावसाळ्यात जिन्यात बेडूक. दुसऱ्या मजल्यावर चार दारं, त्यातल्या तीन दारांना कुलपं. हे सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. मधले बारा तास माझ्याशी बोलायला फक्त रेडिओ. गावात माझा आवाज बंद झाला की घर हलायचं. इथे तो बंद आहे की चालू, हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

पहिल्या महिन्यातच मी ह्यांच्यावर रुसले. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक भाजीवरून. चार दिवस एक शब्द बोलले नाही. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, खिडकीशी जाऊन बसायचं. हे शांतपणे जेवायचे, पेपर वाचायचे. पाचव्या दिवशी येताना कागदाच्या पुडीत ज्येष्ठमध घेऊन आले आणि म्हणाले, "घसा बसलाय ना तुझा? हे तोंडात धर." मला रडू आलं आणि हसूही आलं. चार दिवस मी एवढी लढाई लढले आणि समोरच्याला ती घशाची तक्रार वाटली.

यातून शहाणं व्हायला हवं होतं. मी झाले नाही. दादाला पत्र लिहायची, त्यात वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीची चौकशी. आईचं नाव नाही. दादा उत्तरात शेवटी लिहायचा, "आई बरी आहे." तीन वर्षं. त्या तीन वर्षांत आम्ही दोनदा सासरी जाऊन आलो, माझ्या माहेरापासून अकरा किलोमीटरवर, आणि मी माहेरी पाऊल टाकलं नाही. तिने आधी बोलवावं, असं माझं म्हणणं. तिकडे तिचंही म्हणणं तेच असणार, मी आधी यावं. तिचीच लेक मी, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच कधी कधी भीती वाटायची. आम्ही दोघी अशाच बसून राहिलो तर उठवणार कोण?

तिसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावर फिलोमिनाबाई राहायला आल्या. त्या भुईगावच्या. तिघा भावांना घर पुरेना म्हणून नवरा, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन इकडे आलेल्या. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मं कळायचं. माझ्याशी मात्र त्या स्वच्छ मराठीत, मोठ्या आवाजात बोलायच्या. गाव आठेक किलोमीटरवर, पण त्या खिडकीत उभ्या राहून पश्चिमेकडे बघायच्या तेव्हा मला वाटायचं, हिचं भुईगाव माझ्या माणइतकंच लांब आहे. एकदा म्हणाल्या, "आमच्या वाडीत विहिरीला कधी झाकण नव्हतं हो. इथे मी हंडा बघून तोंड धुते."

कारण पाणी हा तेव्हा इथला सगळ्यात मोठा देव होता. टँकर आला की खालची टाकी भरायची, मग पंप चालू व्हायचा आणि वीस मिनिटं नळाला पाणी. कधी ते नक्की नाही. त्यामुळे बिल्डिंगचा एक न लिहिलेला नियम होता. ज्या बाईला नळाचा आवाज पहिला ऐकू येईल, तिने आधी आपल्या मजल्यावरची दारं ठोकायची, "पाणी आलं" म्हणून ओरडायचं आणि मग स्वतःची बादली लावायची. भांडण असो, काही असो, दार ठोकायचंच.

त्या आल्यावर महिन्याभरात मी त्यांना वाटीभर कटाची आमटी दिली. दोन दिवसांनी वाटी परत आली. घासून लखलखीत केलेली आणि रिकामी. आमच्याकडे रिकामं भांडं कुणी परत करत नाही, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी वाटी फडताळात ठेवली आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. जिन्यात भेटल्या की मी भिंतीच्या बाजूने सरकायची. त्या मात्र रोज "काय म्हणता?" विचारून पुढे जायच्या. आपला अबोला समोरच्याला पोचतच नाहीये याचा मला आणखी राग यायचा. दीड महिना गेला.

मग तो दिवस आला. दुपारी साडेतीनला नळ फुरफुरला. फिलोमिनाबाईंचं दार बंद होतं, आतून काही आवाज नव्हता. मी माझ्या दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत फिरले. बादल्या भरल्या, पिंप भरलं, हंडा, कळशी, पातेली, शेवटी चहाची किटली भरली. पाणी गेलं. समोरचं दार बंदच. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. आता कळेल, असं वाटलं.

तासाभराने बेल वाजली. दारात फिलोमिनाबाई, घामाघूम, पायाशी दोन हंडे. "तुमचं पण राहिलं ना भरायचं? मी सासूबाईंना कूस बदलून देत होते, आवाजच आला नाही. आज कुणाच्याच लक्षात आलं नाही बघा. खालच्या बोअरिंगवरून आणलं. मचूळ आहे, पण भांड्यांना चालेल. एक तुम्ही ठेवा."

माझ्या पाठीमागे काठोकाठ भरलेलं पिंप होतं. मी दार आणखी ओढून घेतलं, तेवढ्याशा फटीत उभी राहिले आणि तो हंडा घेतला. होय, घेतला. नको म्हणाले असते तर का नको हे सांगावं लागलं असतं. त्या दुसरा हंडा कमरेवर घेऊन गेल्या आणि मी भरल्या घरात त्यांच्या त्या मचूळ पाण्यासमोर खाली बसले. माझी मलाच किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा अबोला बाहेरून दिसला. तो मानी वगैरे काही नव्हता. नुसता दुष्टावा होता.

दुसऱ्या दिवशी हंडा परत द्यायचा होता. तो रिकामा देणं शक्य नव्हतं. मी त्यात माझ्याकडचं गोडं पाणी भरलं आणि त्यांच्या दारात गेले. त्यांच्या कपाळावर राखेचा ठिपका होता. मला वाटलं, ह्या पण अंगारा लावतात. मी सांगून टाकलं, "काल पाणी आलं होतं. मी मुद्दाम दार ठोकलं नाही."

"का?"

"तुम्ही वाटी रिकामी दिली होतीत."

"कुठली वाटी?"

मी आमटीची वाटी, दीड महिना, सगळं सांगितलं. "दीड महिना तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात? अहो, मला वाटलं तुम्हाला दिवस गेलेत. मळमळत असेल म्हणून बोलत नाही." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण काल सासूबाईंचं अंग पुसायचं राहिलं. म्हातारी सारखी मागत होती. हे तुम्ही चांगलं नाही केलं. मला राग आलाय तुमचा." एवढं बोलल्या आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "या आत, चहा टाकते."

मी उंबऱ्यातच थांबले. राग आलाय असं तोंडाने सांगायचं आणि लगेच चहा टाकायचा, असं मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे राग यायचा तो मुरायला. चहा पिताना बघितलं तर त्यांचा बिनसाखरेचा. म्हणाल्या, आज राखेचा बुधवार, कपाळाला राख लावायची आणि आजपासून उपवासकाळ, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस काहीतरी सोडायचं असतं. त्यांनी साखर सोडली होती, नवऱ्याने तपकीर. "खायचंच सोडायला पाहिजे असं नाही. फादर म्हणतात, खोड सोडा."

आमच्याकडेही चातुर्मासात आई वांगं सोडायची, आत्या कांदा. खोड सोडल्याचं काही ऐकलं नव्हतं. फिलोमिनाबाई म्हणाल्या, "तुम्ही अबोला सोडा. चाळीसच दिवस. नंतर वाटलं तर पुन्हा धरा, कोण अडवतंय!"

गंमत म्हणून म्हणाल्या असतील. मी मात्र घरी येऊन कॅलेंडरवर खुणा केल्या. नियम एकच ठेवला. वाईट वाटलं की पुढच्या जेवणाच्या आत ज्याचं वाटलं त्यालाच सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही मला न विचारता तुमच्या मित्राला जेवायला बोलावलंत, मला राग आलाय." हे इतके घाबरले की ताटावरून उठून उभे राहिले. चाळीस दिवसांत मी नऊ वेळा असं सांगितलं असेल, चार वेळा घसरले. एकदा तर पूर्ण दिवस तोंड शिवून बसले आणि संध्याकाळी कॅलेंडरसमोर जाऊन स्वतःशीच म्हणाले, अगं सुमे, कुणासाठी बसलीयस?

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला हळूहळू सापडत गेलं, आणि ते काही सुखाचं नव्हतं. मला बऱ्याच वेळा राग आलेलाच नसायचा. कुणीतरी यावं, पाठीवरून हात फिरवावा, "चल, गार होतंय" म्हणावं, एवढंच हवं असायचं. ते सरळ मागता येत नव्हतं म्हणून मी रुसायची. आणि राग असला की त्याचीही एक सोबत असते, दिवसभर मनात भांडायला माणूस मिळतं. तो सोडला तेव्हा घर खरोखर रिकामं झालं. त्या चाळीस दिवसांइतकी एकटी मी आधी नव्हते आणि नंतरही फार वेळा झाले नाही. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायकांनो, तुम्हाला हे कळेल. आपण सवयी घेऊन येतो, पण त्या सवयी ज्यांच्या जिवावर चालायच्या ती माणसं मागेच राहतात.

आणि आई राहिलीच होती. नियम नियम असतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाला मी नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. गावात फोन एकच, नामदेवअण्णांच्या किराणा दुकानात. त्यांना म्हटलं, आईला आणि दादाला बोलवा, मी अर्ध्या तासाने पुन्हा करते. अर्ध्या तासाने दादा म्हणाला, "आई आलीय. पण हातात घेत नाही."

"तिच्या कानाला लाव."

मला बांगड्यांचा आवाज आला, तराजूचा आला, तिच्या श्वासाचा आला. मी म्हटलं, "आई, मी रागावून निघाले. येते म्हणाले नाही. चुकलं माझं." मग लांबून, दादाला सांगितलेलं ऐकू आलं, "तिला म्हनावं, पानी मिळतंय का तिकडं?"

पाण्याचं मी फक्त दादाला लिहिलेल्या पत्रांत लिहिलं होतं. म्हणजे ती तीन वर्षं माझी पत्रं वाचून घेत होती. मी बूथमध्ये काचेकडे पाठ करून रडले.

त्यानंतर दर रविवारी दहाला फोन. मी बोलायची, ती ऐकायची आणि जे काही विचारायचं ते दादाला सांगायची. तिला म्हनावं, अंगावर काढू नगंस. तिला म्हनावं, जोंधळं धाडलंय. माझ्याशी सरळ एक शब्द नाही. मी फिलोमिनाबाईंजवळ कुरकुर केली तर त्या म्हणाल्या, "चाळीस दिवस तुम्ही धरले होते. त्यांना कुणी सांगितलं होतं?" हे मला फार वर्षं पुरलं. आपली खोड आपण सोडायची. समोरच्याची आपल्याला सोडता येत नाही.

सहा महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, मी कुणाला न कळवता गावी निघाले. रात्रभराचा प्रवास, मग सकाळची दुसरी एसटी. फाट्यावर उतरले तेव्हा रविवारचे पावणेदहा झाले होते. वेशीतून आत वळले तर पुढे आई चाललेली. एकटीच, लगबगीने. अंगावर तिचं अंजिरी लुगडं, लग्नाकार्याला नेसायचं, केस चापून बसवलेले. कुठे कार्य आहे म्हणून मी बघत राहिले आणि हाक न मारता मागे मागे चालत गेले.

ती अण्णांच्या दुकानात गेली. फोनशेजारच्या स्टुलावर बसली, पदर नीट केला, फोनकडे तोंड केलं. मी दुकानाच्या पायरीवर, तिच्या पाठीमागे. दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन करणारी पायरीवर उभी होती, तर फोन वाजणार कसा? मी पिशवी पायाशी ठेवली आणि तिच्या पाठीकडे बघत राहिले. आई अण्णांना म्हणाली, "आज उशीर झाला तिला. कधी चुकत न्हाय ती. बरी असंल न्हवं?" अण्णांनी मान वर केली, मला बघितलं आणि नुसती हनुवटी हलवली.

आई वळली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिशवीसकट. मग एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून, चांगली तापून म्हणाली, "फोन का न्हाय केलास? हितं जीव टांगणीला लागलाय माजा!"

मी म्हटलं, "आई, मी आलेय."

"ते दिसतंय मला. फोन का न्हाय केलास?"

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. आचोळ्यात नळाला रोज पाणी येतं आणि कुणी कुणाचं दार ठोकत नाही. फिलोमिनाबाईंच्या सासूबाई वारल्या, त्यांनी भुईगावात वेगळं घर बांधलं आणि त्या परत गेल्या. नाताळला त्यांचा फोन येतो. समोरच्या दाराला पुन्हा कुलूप आहे. माझी खोड गेली असं मी म्हणणार नाही, अजून कधी कधी जीभ टाळूला चिकटते. मग मी जेवणाच्या आत ती सोडवते. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत आमचं बोलणं धड सरळ झालं नाही, भांडण मात्र समोरासमोर व्हायचं, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

गावचं घर आता दादाचं आहे, इथलं आमच्या दोघांच्या नावावर आहे. पण कुणी विचारलं, सुमनताई, तुमचं घर कुठलं, की माझ्या डोळ्यांपुढे यातलं एकही येत नाही. ते किराणा दुकान येतं. एक बाई तिचं चांगलं लुगडं नेसून माझ्या आवाजाची वाट बघत बसलीय आणि मी तिच्या पाठीशी उभी आहे. रविवारी दहा वाजता अजून माझा हात फोनकडे जातो. बोलायला मी शिकले, आणि आता तिकडे उचलायला कुणी नाही.